आधी त्याची डबी, मग तिच्या नळ्या

लग्नाला दोन-तीन वर्षं होतात, "गोड बातमी कधी?" हा प्रश्न हळदीकुंकवापासून बारशापर्यंत सगळीकडे पाठलाग करू लागतो, आणि मग तपासण्या सुरू होतात. बहुतेक घरांत त्या बाईपासूनच. ती सोनोग्राफी करून येते, थायरॉईड बघते, पाच-सहा महिने बीजवाढीच्या गोळ्या खाते, कुणीतरी सुचवलं म्हणून "पिशवी साफ" करून घेते, गर्भाशयाच्या नळ्यांचा एक्स-रे काढते. एवढं झाल्यावर नवे डॉक्टर फाइल चाळत विचारतात, "मिस्टरांचा रिपोर्ट?" तो झालेलाच नसतो.

वीर्यतपासणीला सुई नाही, भूल नाही, टाका नाही. खर्च नळ्यांच्या तपासणीपेक्षा कितीतरी कमी, आणि रिपोर्ट बहुधा त्याच दिवशी मिळतो. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडचं कारण सापडतं, कधी एकटं, कधी बाईच्या कारणाच्या जोडीला. तरीही ही तपासणी रांगेत शेवटी उभी असते. इथे आम्ही ती पहिली घेतोय.

त्याआधी, सुरुवात कधी करायची? नियमित संबंध असूनही वर्षभरात दिवस गेले नाहीत तर. बाईचं वय पस्तिशीपुढे असेल तर सहा महिने पुरे, आणि चाळिशीला टेकलेली असेल तर वाट बघूच नये. पाळी दोन-दोन महिने येत नसेल, पूर्वी टीबी किंवा पोटाचं मोठं ऑपरेशन झालं असेल, नवऱ्याचं लहानपणी अंडकोष खाली न उतरल्याबद्दल ऑपरेशन झालं असेल, तर वर्षाची अट धरू नये. उलट बाजूही सांगायला हवी. प्रयत्न करणाऱ्या शंभर जोडप्यांपैकी साधारण ८४ जणांना पहिल्या वर्षात आणि ९२ जणांना दुसऱ्या वर्षाअखेर दिवस जातात. लग्नानंतर चौथ्या महिन्यात पंचविशीच्या मुलीला सासूबाईंनी दवाखान्यात आणून बसवायचं काहीच कारण नसतं.

डबी

रुंद तोंडाची निर्जंतुक प्लास्टिकची डबी लॅबच देते. घरातली औषधाची धुतलेली बाटली चालत नाही, कारण साबणाचा अंशसुद्धा शुक्रजंतूंना मारतो. नमुना देण्याआधी २ ते ७ दिवसांचा खंड हवा. "जास्त दिवस साठवलं तर रिपोर्ट चांगला येईल" म्हणून पंधरा-वीस दिवस थांबणारे पुष्कळ असतात. त्यात संख्या थोडी वाढते, पण जुने, मंदावलेले शुक्रजंतू साठतात आणि हालचालीचा आकडा पडतो.

नमुना हस्तमैथुनानेच द्यायचा. तेल, जेली, थुंकी, साबण काही वापरायचं नाही. हात धुवायचे आणि कोरडे पुसायचे. मेडिकलमधला साधा निरोध अजिबात नको, त्याचं रबर आणि त्यावरचं रसायन दोन्ही घातक. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे पहिले थेंब डबीत पडलेच पाहिजेत. बहुतांश शुक्रजंतू त्या पहिल्या भागात असतात. मागून येणारा द्रव प्रमाणाने जास्त असला तरी तुलनेने रिकामा असतो. गडबडीत पहिला भाग बाहेर सांडला आणि लाजेपोटी कुणी बोललं नाही, तर कागदावर "काउंट कमी" छापून येतो आणि पुढच्या भेटीत थेट टेस्ट ट्यूब बेबीची भाषा सुरू होते. सांडलं तर काउंटरवर सांगावं. तिथल्या माणसाला यात नवल वाटत नाही, तो फॉर्मवर तशी नोंद करतो किंवा दुसरी तारीख देतो.

घरून न्यायचा असेल तर नमुना दिल्यापासून अर्ध्या तासात, फार तर तासाभरात लॅबमध्ये पोहोचला पाहिजे. तोवर तापमान २० ते ३७ अंशांच्या मध्ये राहावं. सोपा उपाय म्हणजे डबी शर्टाच्या आत, अंगाला लागून ठेवायची. डिसेंबरात पुण्यात सकाळी सातला स्कूटरच्या डिकीतून आलेली डबी आणि मे महिन्यात नागपुरात गाडीच्या डॅशबोर्डवर तापलेली डबी, दोन्ही खोटं बोलतात. फ्रीज किंवा बर्फ तर नकोच.

आता लॅबमधली खोली. अनेक ठिकाणी ती खोली म्हणजे चक्क संडासच असतो. कडी अर्धवट लागते, बाहेर बाकावर बायको आणि आणखी सहा माणसं बसलेली, आतून टाइल्सवर बादली घासल्याचा आवाज, आणि दहा मिनिटांनी कुणीतरी दार वाजवून "झालं का?" विचारतं. इथे न जमणं हे पुरुषत्वाचं प्रमाणपत्र नव्हे. घरी सगळं व्यवस्थित असलेल्या माणसाचंही इथे हातपाय गार पडतात. "वीर्यनाश म्हणजे शक्तीचा नाश" हे लहानपणापासून ऐकत आलेल्या काहींनी तर हस्तमैथुन कधी केलेलंच नसतं. त्यांना तीस सेकंदांत डबी हातात देऊन आत पाठवणं ही आपल्या व्यवस्थेची निष्ठुरता आहे. पर्याय असतात: घरून आणणं, बायकोला आत सोबत नेणं, रसायन नसलेला तपासणीसाठीचा खास निरोध, किंवा सरळ दुसरा दिवस. ते आपणहून सांगितले जात नाहीत, म्हणून विचारावे लागतात.

ताजा नमुना दह्यासारखा घट्ट असतो. पंधरा मिनिटं ते तासाभरात तो पातळ होतो आणि मगच थेंब सूक्ष्मदर्शकाखाली जातो. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने दिलेल्या खालच्या मर्यादा अशा: प्रमाण १.४ मिली, दर मिलीला १ कोटी ६० लाख शुक्रजंतू, एकूण ३ कोटी ९० लाख, हालणारे ४२ टक्के, पुढे जाणारे ३० टक्के, योग्य आकाराचे ४ टक्के. हा शेवटचा आकडा माणसांची झोप उडवतो. "ॲबनॉर्मल फॉर्म्स ९५ टक्के" वाचून रात्रभर छताकडे बघणारे नवरे कमी नाहीत. पण ९५ टक्के बेढब म्हणजे ५ टक्के सुडौल, आणि तो निकाल मर्यादेच्या आत आहे. या मर्यादा आल्या कुठून हेही ठाऊक असावं. ज्यांच्या बायकांना वर्षभरात दिवस गेले अशा पुरुषांचे नमुने मोजले आणि त्यातल्या तळाच्या ५ टक्क्यांपाशी रेघ मारली. म्हणजे रेघेखालची काही माणसं प्रत्यक्षात बाप झालेली होती. ही रेघ ओलांडली म्हणजे पास आणि चुकली म्हणजे नापास, असा हा मामला नाही.

रिपोर्टावर "ॲक्टिव्ह, स्लगिश, डेड" असे तीनच रकाने असतील तर तो जुन्या पद्धतीचा रिपोर्ट समजावा. न हालणारा शुक्रजंतू मेलेलाच असतो असं नाही, ते ठरवायला वेगळा रंग टाकून बघावं लागतं. "पस सेल्स" लिहिलेलं दिसलं की लगेच दोघांनाही अँटिबायोटिकचा कोर्स देण्याची पद्धत आहे. पण त्या गोल पेशींतल्या काही अर्धवट वाढलेल्या शुक्रपेशी असतात, आणि वेगळी चाचणी न करता त्या पू म्हणून मोजल्या जातात.

एका खराब रिपोर्टावर काही ठरवू नये. शुक्रजंतू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात, बाहेर पडेपर्यंत आणखी काही. म्हणजे आजचा नमुना अडीच-तीन महिन्यांपूर्वीच्या शरीराची गोष्ट सांगतो. गणपतीत डेंग्यू होऊन १०३ ताप आला असेल तर दिवाळीचा काउंट पडलेला दिसू शकतो आणि संक्रांतीनंतर तो आपोआप सुधारतो. शून्य आला असेल तर मात्र तीन महिने थांबायची गरज नाही. लवकर पुन्हा नमुना द्यावा, आणि तो सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तळाचा साका बघितला का हे विचारावं. त्याशिवाय "शून्य" म्हणता येत नाही.

नमुना देताना सांगायच्या गोष्टींत एक नेहमी लपते, ती म्हणजे जिमची इंजेक्शनं. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की मेंदूकडून अंडकोषाला जाणारा हुकूम थांबतो आणि शुक्रजंतूंची निर्मिती बंद पडू शकते, पार शून्यापर्यंत. अंग पिळदार दिसतं आणि डबी रिकामी निघते. "अशक्तपणा" म्हणून गल्लीतल्या दवाखान्यात मिळालेलं इंजेक्शनही कधीकधी तेच असतं. भट्टीसमोर किंवा बेकरीत काम, लांब पल्ल्याचं ड्रायव्हिंग, मावा-गुटखा, केस गळू नयेत म्हणून चालू असलेली गोळी, हे सगळं फॉर्मवर आलं पाहिजे.

पाळीचा दुसरा दिवस

"पाळीच्या दुसऱ्या दिवशी या" या वाक्यात पहिला दिवस कोणता, ते कुणी सांगत नाही. तांबूस डाग पडला तो पहिला दिवस नव्हे. लाल रक्तस्राव नीट सुरू झाला तो. संध्याकाळी उशिरा सुरू झाला तर अनेक ठिकाणी दुसऱ्या सकाळपासून पहिला दिवस मोजतात. दुसरा दिवस रविवारी आला तर तिसऱ्या दिवशी गेलं तरी चालतं, महिना वाया घालवू नये.

त्या दिवशी एफएसएच, एलएच आणि ई-टू म्हणजे इस्ट्रॅडिऑल ही पाळी आणि बीजवाढ चालवणारी संप्रेरकं (हॉर्मोन्स) रक्तातून बघतात. यातला एफएसएच एकटा वाचू नये. इस्ट्रॅडिऑल चढलेलं असेल तर ते एफएसएचला दाबून ठेवतं, आणि कागदावर सगळं छान दिसतं. म्हणून पैसे वाचवायला फक्त एफएसएच करून उपयोग नाही.

टीएसएच (थायरॉईडची तपासणी) आणि प्रोलॅक्टिन (अंगावरचं दूध आणणारं संप्रेरक) कुठल्याही दिवशी चालतात, पण दोन्हींना खोडी काढणाऱ्या गोष्टी आहेत. केसांसाठीच्या गोळ्यांत बायोटिन असतं, ते काही यंत्रांवर टीएसएचचा आकडा चुकवतं. किमान दोन दिवस आधी ती गोळी बंद ठेवावी. प्रोलॅक्टिन झोपेत चढलेलं असतं, आणि धावपळीने, भीतीने, सुई टोचताना हात थरथरला तरी चढतं. लोकल पकडून, जिना चढून, धापा टाकत दिलेल्या रक्तात ते थोडं वाढलेलं आलं तर घाबरू नये. उठून दोन-तीन तास झाल्यावर, लॅबमध्ये वीसेक मिनिटं शांत बसून पुन्हा द्यावं. तरीही वाढलेलं आलं तर पुढचा विचार.

बीज फुटलं का ते सांगणारी प्रोजेस्टेरॉनची तपासणी "एकविसाव्या दिवशी" असं छापील कागदावर असतं. ते २८ दिवसांच्या पाळीपुरतं खरं. बीज फुटून आठवडा झाल्यावरचं, म्हणजे पुढची पाळी यायच्या सात दिवस आधीचं रक्त हवं असतं. पाळी ३५ दिवसांनी येणाऱ्या बाईने अठ्ठाविसाव्या दिवशी जायचं. ती एकविसाव्या दिवशी गेली तर "बीज फुटत नाही" असा निकाल हातात पडतो आणि नको त्या गोळ्या सुरू होतात. इतकी साधी चूक, आणि इतकी वारंवार.

आता एएमएच. हा आकडा पाळीच्या कुठल्याही दिवशी करता येतो आणि या सगळ्या प्रवासात सर्वांत जास्त रडवतो. रात्री दहाला व्हॉट्सॲपवर पीडीएफ येतो, ०.९ या आकड्यासमोर "लो" छापलेलं असतं, सकाळपर्यंत डॉक्टर भेटणार नाहीत आणि गूगल भेटतं. एएमएच काय सांगतं? अंडाशयात उरलेल्या साठ्याचा अंदाज. इंजेक्शनं दिली तर किती अंडी हाती लागतील, त्याचा. दर महिन्याला फुटणारं एक बीज चांगलं की वाईट ते तो सांगत नाही. पाळी नियमित असलेल्या, एएमएच कमी असलेल्या बाईला नैसर्गिकरीत्या दिवस जाऊ शकतात. त्याचा खरा उपयोग वेळेचं गणित मांडायला होतो: अजून वर्षभर थांबायचं, की हात आखडता न घेता पुढच्या पायरीवर जायचं. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर आकडा खाली येतो. दोन लॅबचे दोन आकडे एकमेकांशी ताडून "घसरला" म्हणू नये. आणि एककाकडे बघायलाच हवं. लंडनमधल्या मुलीने पाठवलेल्या रिपोर्टात १५ दिसतो आणि इथली मावशी म्हणते, "अगं, किती छान!" तिथे तो पिकोमोलमध्ये असतो, आपल्याकडच्या नॅनोग्रॅममध्ये आणायला ७.१४ ने भागायचं. म्हणजे २.१. चांगलाच आहे, पण १५ नव्हे.

याच रक्तात रुबेलाची प्रतिकारशक्ती बघून घ्यावी. नसेल तर लस घेऊन महिनाभर दिवस जाऊ द्यायचे नसतात, म्हणून हे आधी कळलेलं बरं. एचपीएलसी ही हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी रक्ताची चाचणीसुद्धा. तिच्यात थॅलेसेमियाचा वाहक (स्वतः आजारी नसून मुलाला दोष देऊ शकणारा) आणि सिकलसेल, हे आईबापांकडून येणारे दोन्ही रक्तविकार दिसतात. विदर्भात, नंदुरबार-धुळ्याकडे सिकलसेलमुळे आणि सिंधी, लोहाणा अशा समाजांत थॅलेसेमियामुळे ती टाळू नये. एक वाहक निघाला की दुसऱ्याची तपासणी सक्तीची समजावी.

आतली सोनोग्राफी

पोटावरच्या सोनोग्राफीची सवय असल्याने बायका लिटरभर पाणी पिऊन, लघवी दाबून येतात. आतल्या, म्हणजे योनीतून करायच्या सोनोग्राफीला लघवी करून, मूत्राशय रिकामं ठेवून झोपायचं असतं. भरलेलं मूत्राशय पिशवीला ढकलतं आणि दुखतं ते वेगळंच. साधारण दोन बोटांच्या जाडीची कांडी, तिच्यावर निरोध आणि जेली, पाय गुडघ्यात दुमडलेले. रबराची ॲलर्जी असेल तर आधी सांगावं. कमरेखाली मुठी घालून कंबर थोडी उचलली आणि श्वास सोडताना कांडी आत घेतली तर त्रास कमी होतो. दोन-चार मिनिटांचं काम.

पाळीच्या दुसऱ्या दिवशी ही तपासणी करतात, याचा संकोच मोठा असतो. ज्या घरात अजून बाजूला बसतात, तिथे "आज तर तू बाहेर आहेस, दवाखान्यात कशी जाणार?" असा प्रश्न येतो. टेबलावर कागद असतो, रक्ताचं तिथे कुणाला काही वाटत नाही. जास्तीचं पॅड आणि गडद परकर न्यावा, एवढंच.

त्या दिवशी दोन्ही अंडाशयांतल्या २ ते १० मिलिमीटरच्या बारीक पुटकुळ्या मोजतात. त्या जास्त दिसल्या की रिपोर्टावर "पीसीओ पॅटर्न" येतं आणि घरी "तिला पीसीओडी आहे" असं जाहीर होतं. तरुण मुलींत त्या जास्त असतातच. पूर्वी एका अंडाशयात बारा मोजल्या की शिक्का बसायचा. यंत्रं सुधारल्यावर तो आकडा वीसवर नेला गेला. शिवाय अनियमित पाळी, पुरुषी संप्रेरकांची लक्षणं किंवा रक्तातली वाढ, आणि सोनोग्राफी, यांपैकी दोन गोष्टी असल्याशिवाय निदान होत नाही.

बीजवाढ बघायला मग नवव्या-दहाव्या दिवसापासून एक दिवसाआड बोलावतात. रिपोर्ट टेलिग्रामसारखा असतो: "आरओ १६ × १५, एलओ एमएसएफ, ईटी ७.८". म्हणजे उजवीकडे सोळा मिलिमीटरचं बीज (खरं तर बीज असलेली पुटकुळी), डावीकडे बारीक पुटकुळ्या, अस्तर ७.८ मिलिमीटर. बीज दिवसाला दीड-दोन मिलिमीटर वाढतं आणि १८ ते २४ च्या दरम्यान फुटतं. पुढच्या वेळी ते दिसेनासं झालं आणि मागे थोडं पाणी दिसलं की "फुटलं".

इथे नात्यावर सगळ्यांत जास्त ताण येतो. "आज आणि परवा संबंध ठेवा" असं चिठ्ठीवर लिहून मिळतं. नवरा नाइट शिफ्टला, बायको मागोमाग फोन करतेय, घरात पाहुणे, आणि ठरलेल्या रात्री काहीच होत नाही. मग दोघंही अपराधी. प्रत्यक्षात शुक्रजंतू आत पाच दिवसांपर्यंत जगतात, बीज मात्र १२ ते २४ तास. दोन-तीन दिवसांआड संबंध असले तर मुहूर्त पकडायची गरजच नसते. चिठ्ठीवरची तारीख चुकली म्हणून महिना गेला असं मानू नका.

आणि एक गोष्ट या टप्प्यावर तरी विचारली गेली पाहिजे: संबंध नीट होतात का? काही जोडप्यांत ते झालेलेच नसतात, दुखतं म्हणून, जमत नाही म्हणून. सासूबाई केबिनमध्ये शेजारच्या खुर्चीत बसलेल्या असताना याचं खरं उत्तर कोण देईल? आईला बाहेर बसवणं हे मुलाचं काम आहे. सुनेने ते करायची अपेक्षा ठेवू नये.

नळ्यांचा एक्स-रे

या एक्स-रेला एचएसजी म्हणतात. त्याची धास्ती ऐकीव गोष्टींमुळे जास्त. कुणी म्हणतं काहीच वाटलं नाही, कुणी म्हणतं जीव गेला. दोन्ही खरं असतं, आणि फरक कशाने पडतो ते सांगण्यासारखं आहे.

पाळी थांबल्यावर आणि बीज फुटायच्या आधी, म्हणजे साधारण सहाव्या ते अकराव्या दिवसात हा एक्स-रे काढतात. पाळीच्या पहिल्या दिवसापासून त्या दिवसापर्यंत संबंध टाळायचे, कारण नकळत राहिलेल्या गर्भावर किरण जायला नकोत. आयोडीनची ॲलर्जी, अंगावर जाणारं वासाचं पांढरं पाणी, ओटीपोटात दुखणं किंवा ताप असेल तर आधी सांगावं. जंतुसंसर्ग असताना ही तपासणी केली तर तो वर ढकलला जातो. तासभर आधी डॉक्टरांनी सांगितलेली वेदनाशामक गोळी घ्यायची, टेबलावर चढल्यावर नव्हे. उपाशी जाऊ नये, हलकं खाऊन जावं. रिकाम्या पोटी चक्कर लवकर येते. कमरेची साखळी काढून ठेवावी. किरणांमुळे नवऱ्याला आत घेत नाहीत. स्त्री कर्मचारी आत असावी, ही मागणी निःसंकोच करावी.

टेबल लोखंडी, थंड आणि कडक. पाय दुमडायचे, स्पेक्युलम (योनी उघडी धरणारं उपकरण) लागतो, औषधाने पुसतात तो गारवा. मग गर्भाशयाच्या तोंडाला चिमटा लावतात, तिथे एक कळ येते. बारीक नळी आत जाते, काही ठिकाणी तिच्या टोकाला छोटा फुगा असतो. आणि मग डाय, म्हणजे एक्स-रेत पांढरा दिसणारा द्रव, सोडतात, साधारण ५ ते १० मिली. इथेच सगळा फरक पडतो. डाय सावकाश सोडला तर पाळीसारखी कळ येऊन मिनिटा-दोन मिनिटांत ओसरते. एका दमात ढकलला तर पिशवी आवळते, बीजनळीचं तोंडही आवळून बंद होतं, दुखतं भयंकर आणि वर फिल्मवर "नळी बंद" दिसते. "हळू सोडा" असं म्हणायचा बाईला पूर्ण हक्क आहे. त्यात नखरे वगैरे काही नाही, तपासणी बरोबर येण्यासाठीच ते गरजेचं आहे. तोंडाने लांब श्वास सोडत राहावं आणि पोट ताठ करू नये.

पडद्यावर आधी पिशवीचा पांढरा त्रिकोण उमटतो. मग दोन्ही कोपऱ्यांतून दोऱ्यासारख्या रेघा निघतात आणि टोकाला धुरासारखं काहीतरी पसरतं. तो "स्पिल". तो दोन्हीकडे दिसला की नळ्या मोकळ्या. तीन-चार फिल्म होतात, एकदा कुशीवर वळवतात, आणि दहा-पंधरा मिनिटांत सगळं संपतं. लगेच उठून बसू नये. पाच मिनिटं पडून राहावं, कारण गर्भाशयाचं तोंड हाताळल्याने नाडी मंद होऊन भोवळ येऊ शकते. दोन दिवस चिकट पाणी आणि थोडं रक्त जातं. ताप आला, दुखणं वाढत गेलं किंवा घाण वास आला तर त्याच दिवशी फोन करायचा.

निकाल वाचताना "बंद" कुठे आहे ते बघावं. पिशवीजवळच्या तोंडाशी अडलेला डाय बऱ्याचदा नुसत्या आकुंचनाने अडलेला असतो; पुन्हा तपासल्यावर तीच नळी मोकळी निघते. टोकाशी बंद आणि पाण्याने फुगलेली नळी मात्र गंभीरपणे घ्यायची, कारण ते पाणी पिशवीत उतरून टेस्ट ट्यूब बेबीच्या यशालाही धक्का देतं. एक्स-रेनंतर पुढच्या दोन-तीन महिन्यांत दिवस गेल्याच्या गोष्टी ऐकू येतात, त्या अगदीच भाकडकथा नव्हेत. नेदरलँड्समध्ये झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत तेलातला डाय वापरलेल्या गटात सहा महिन्यांत सुमारे ४० टक्के, तर पाण्यातल्या डायच्या गटात २९ टक्के गर्भधारणा टिकल्या. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी पाण्यातलाच डाय असतो.

नको असलेल्या गोष्टी

"पिशवी साफ करणं" ही तपासणी नाही आणि उपचारही नाही. कारणाशिवाय खरवडलेल्या अस्तरावर व्रण बसून पिशवीच्या भिंती एकमेकींना चिकटू शकतात, मग पाळीच कमी होते. टॉर्च, म्हणजे गर्भाला धोका देणाऱ्या जंतुसंसर्गांच्या रक्तचाचण्या, त्यांची भलीमोठी यादी वंध्यत्वासाठी लागत नाही, तिच्यातला रुबेला पुरतो. टीबी मात्र आपल्याकडे नळ्या बंद होण्याचं खरंखुरं कारण आहे, आणि म्हणूनच त्याचं निदान रक्तातल्या प्रतिपिंडांवरून करू नये. तसल्या रक्तचाचण्यांवर भारतात २०१२ पासून बंदी आहे. पिशवीच्या अस्तराचा तुकडा घेऊन कल्चर (जंतू वाढवून बघणं), सीबीनॅट (टीबीच्या जंतूचे जनुक शोधणारी चाचणी) आणि सूक्ष्मदर्शकाची तपासणी व्हायला हवी. फक्त पीसीआर (हीही जनुक शोधणारी चाचणी) पॉझिटिव्ह आला म्हणून सहा महिन्यांच्या गोळ्या सुरू करायला सांगितल्या तर दुसरं मत घ्यावं.

दुर्बिणीची तपासणी (पोटात दुर्बीण घालून, म्हणजे लॅपरोस्कोपी) सगळ्यांना लागत नाही. एक्स-रेत गडबड, एंडोमेट्रिओसिसची (पिशवीचं अस्तर पिशवीबाहेर वाढण्याची) शंका किंवा पूर्वीचं ऑपरेशन असेल तर लागते. त्यानंतर खांदा दुखतो, तो पोटात भरलेल्या गॅसमुळे. एक-दोन दिवसांत जातो.

सगळं करूनही १५ ते ३० टक्के जोडप्यांत काहीच सापडत नाही. "दोघांचंही नॉर्मल" हे ऐकून आनंद व्हायला हवा, पण बहुतेकांना त्याचा राग येतो, आणि तो समजण्यासारखा आहे. नाव असलेल्या आजाराला निदान औषध तरी असतं. घरात मात्र या निकालाचा अर्थ पुन्हा तिच्यावरच ढकलला जातो. त्याचा रिपोर्ट खराब असला तरी "तिच्यावर ट्रीटमेंट चालू आहे" असं सांगणारी घरं आहेत, आणि ती स्वतःही ते झाकून नेते. कुणाला काय सांगायचं, हे दोघांनी तपासणीच्या आधी ठरवावं. रिपोर्ट कुणाच्या फोनवर येणार, हेही. शक्यतो ज्याचा त्याच्या फोनवर, आणि संध्याकाळी सातनंतर आलेला सकाळी उघडायचा, असा नियम केलेला बरा.

फाइलमध्ये सगळ्यांत वर एक साधा कागद ठेवावा: गेल्या सहा पाळ्यांच्या तारखा, किती दिवस अंगावर गेलं, कुठल्या महिन्यात कुठली गोळी. वीर्याचा रिपोर्ट तीन ते सहा महिने, एएमएच सहा महिने ते वर्षभर चालतो. रुबेलाची प्रतिकारशक्ती एकदा आली की पुन्हा पैसे घालवायचे नाहीत. एचएसजीची मूळ फिल्म गुंडाळून माळ्यावर टाकू नये. लेखी रिपोर्टावर "पेटंट" (नळ्या मोकळ्या) एवढाच शब्द असतो, पण नवा डॉक्टर ती फिल्म खिडकीपाशी उजेडात धरूनच बघतो, आणि उन्हात-दमटात एकमेकींना चिकटलेल्या फिल्म सोलताना त्यावरचं चित्रच निघून येतं. मोठ्या पाकिटात, सपाट, गादीखाली.